मिसेस कोवाच पाण्यात उतरल्या

हॅलो? … हां ताई, बोल. … नाही गं, पूलवर आहे. क्लासला अजून वेळ आहे. तू डेव्हनवर, बाजाराला? पार्किंग मिळालं? … बरं, मग गाडीतच बस आणि ऐक.

अगं, माझ्या स्विमिंग टीचर, मिसेस कोवाच… हो, त्याच, अडुसष्ट वर्षांच्या, काठावरून ओरडणाऱ्या. आमच्या हिमानीने काल त्यांचं माहेरचं नाव गूगल केलं. … कशाला म्हणजे? बाई डच, आडनाव हंगेरियन, पोरीला चैन पडेना! … माझ्यावरच गेलीय, कबूल.

तर, बॅकस्ट्रोकमध्ये नॅशनल रेकॉर्ड! हॉलंडचं! एकदा नाही, तीनदा! … आणि इथे ओहायोतल्या डब्लिनमध्ये दीड वर्ष त्यांच्याकडे शिकतोय, कुणाला पत्ता नाही.

मग आज विचारलंच. … हो, सरळ तोंडावर. … ऐक ना! बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, छप्पन सालच्या ऑलिंपिकला निवड झालेली. अठरा वर्षांची मुलगी, बॅग भरून तयार. आणि हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले. निषेध म्हणून हॉलंडने टीमच पाठवली नाही. … नाही ना, सगळंच कॅन्सल. … साठ साली? तोवर खांदा गेला होता गं.

रडल्या का? मीही तेच विचारलं! म्हणाल्या, "बॅग महिनाभर उघडली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात होते." पहिलं रेकॉर्ड त्याच हिवाळ्यात!

आता पुढचं ऐक. … अगं, कोवाच कुठून आलं ते! हंगेरीतून पळून आलेला इंजिनिअरिंगचा स्टुडंट. ह्यांच्याच गावात आश्रयाला. कुणीतरी ओळख करून दिली, तर तो पहिलं काय म्हणाला असेल? … "सॉरी." … हो ना! स्वतः जीव वाचवून आलेला, आणि हिच्या ऑलिंपिकसाठी सॉरी म्हणतोय! त्या म्हणाल्या, "तोवर राग होता. कुणावर काढायचा ते कळत नव्हतं." त्याला पोहायलाही ह्यांनीच शिकवलं. मग लग्न, मग ओहायो… पंचेचाळीस वर्षं संसार.

मिस्टर कोवाच गेले गं. तीन वर्षं झाली. … तेव्हापासून त्या पाण्यात उतरल्याच नव्हत्या. म्हणून काठावरून शिकवायच्या. मला काय माहीत! मी आपलं विचारलं, "ते कसे पोहायचे?" … अगं, तोंडातून गेलं! मला वाटलं, संपला माझा क्लास. तर चष्मा काढून माझ्या हातात दिला, टोपी चढवली, आणि उतरल्या!

आधी नवऱ्यासारखं पोहून दाखवलं. नुसतं धबाधबा पाणी उडवत. स्वतःच हसत होत्या. आणि परत येताना… स्वतःसारखं. … कसं सांगू? आवाजच नाही गं. छताकडे बघत सरळ रेषेत आल्या. लाइफगार्ड खुर्चीतून उभा राहिला.

… नाही, अजून पाण्यातच आहेत. बाहेर यायचं नावच नाही. … थांब थांब, हाक मारतायत. … यस, मिसेस कोवाच? … मी? डीप एंडला? पाठीवर? … ताई, ठेवते. … अगं, वाटतेय ना भीती, पण त्यांनी हात पुढे केलाय… ठेव, ठेव—