पडद्यासमोर जाळलेले हातमोजे

मी, छ्यू ग्वेईछिन, वय ६७ वर्षे, व्यवसाय काही नाही (सूतगिरणीतून निवृत्त), राहणार दाओवाय, हार्बिन. आज ९ नोव्हेंबर १९८८ रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटीच राहते. माझे पती ल्वान दहौ मालधक्क्यावर हमाल होते. १९४२ च्या जानेवारीत जपानी लष्करी पोलिसांनी त्यांना धक्क्यावरून उचलून नेले. त्या दिवशी त्यांचे हातमोजे ठिगळ लावायला माझ्याकडे होते. ते उघड्या हातांनीच कामावर गेले होते. पुढे काही कळले नाही.

त्या काळी जपान्यांनी इथेच हार्बिनजवळ कैद्यांवर केलेल्या प्रयोगांचा सिनेमा सध्या आमच्या गल्लीजवळच्या थिएटरात लागला आहे. तो मी नऊ वेळा पाहिला. डोअरकीपर फांग मला म्हणाले, "वहिनी, धडधाकट पोरं अर्ध्यातून ओकत बाहेर येतात. तुम्ही मात्र नातवाचं नाटक बघायला आल्यासारख्या रोज हजर!" मी म्हणाले, "तिकीट फाडा, तोंड कमी चालवा."

त्यात कैद्याचे हात उघड्यावर बांधून त्यांवर पाणी ओततात. हात गोठले की गरम पाण्यात घालतात, आणि कातडी हाडावरून सोलून निघते. तो नट आहे हे मला कळते, मी खुळी नाही. तरी ते हात मला दहौचेच दिसतात.

आज मेलेल्यांना थंडीचे कपडे पाठवायचा दिवस. कागदाचे कपडे चौकात जाळतात, भोवती खडूने रिंगण काढतात आणि थडग्याच्या दिशेने त्याला उघडे तोंड ठेवतात. शेजारणी दरवर्षी जाळतात. मी कधीच जाळले नाहीत. जिवंत माणसाला कोण पाठवते? यंदा मात्र कागदाचे हातमोजे शिवले, आत कापूस भरला. चौकात गेले तर रिंगणाचे तोंड कुठे ठेवावे तेच कळेना. थडगेच नाही.

म्हणून दुपारी एकच्या खेळाला गेले. तो प्रसंग आल्यावर पहिल्या रांगेपुढे रिंगण काढले, तोंड पडद्याकडे ठेवले आणि हातमोजे पेटवले. दुसऱ्या कुणा मेलेल्याने पळवू नयेत म्हणून नाव घेऊन हाक मारायची असते. मी हाक मारली, "दहौ, हे घे! घाल पटकन!" मागून कोणी ओरडले, "ए आजी, डोकं फिरलं का तुझं?" पडद्याची खालची कड जळाली. फांग यांनी बादली ओतली, पण तोवर दोन्ही हातमोजे पुरते जळले होते. कोणाला इजा झाली नाही.

पडदा जाळायचा माझा हेतू नव्हता. चूक मला मान्य आहे.

हवालदार तुंग यांनी विचारले, "आजी, घरी कुणाला कळवायचं?" काल विचारले असते तर मी दहौचे नाव सांगितले असते. आता कोणी नाही, असे लिहावे.

मला वाचता येत नसल्याने हवालदारांनी हे सर्व मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे, म्हणून खाली अंगठा उठवत आहे.