दिगंबर सरांचे अणू अन आपल्या मोटारी

मंडळी, बसा. सतरंजी पुरली नाही तर पोत्यावर बसा. मी काही बोलणारा माणूस नाही. पण सरांच्या घरच्या, आपल्या वहिनी म्हणाल्या, गजाननभाऊ, तुम्हीच बोला, तुमच्यामुळंच सरांचं काम अर्धं राह्यलं. आता हे ऐकल्यावर माणसानं काय बोलावं? तरी बोलतो. लवकर बोलतो, कारण बाराले शेताची लाईट येते, अन त्याच्या आत मले तुम्हाले एक मागायचं आहे.

दिगंबर सर कॉलेजात फिजिक्स शिकवत. रिटायर झाले अन देऊळघाटले शेतात घर बांधून राह्यले, माह्या बांधाले लागून. दिवसभर कम्प्युटरपुढं. मी एकदा इचारलं, सर, तुम्ही करता तरी काय? म्हणे, अणूंचा एक पुंजका असते, पंचावन्न अणू एकमेकाले धरून. त्याच्यावर बाहेरून एक सुटा अणू येऊन धडकते. मंग काय होते, ते काढून राह्यलो.

मी म्हटलं, दाखवा. पाहतो तर नुसते आकडे. अणू कुठं आहे? म्हणे, आकड्यात. मंग धडकते कोण? म्हणे, तेही आकडेच. खरोखर ठोकून काऊन पाहत नाही? म्हणे, ठोकणारे दुसरे आहेत, त्यांच्यापाशी मोठ्या मशिनी आहेत. काय होईन ते आपण आधी सांगायचं. वहिनी आतून म्हणाल्या, अणूंच्या पत्रिका पाहतात. ते गावात पसरलं अन दोघंजण खरंच पत्रिका घेऊन आले. एकाले सरांनी चहा पाजून सांगितलं, पोरीचं लग्न होईन. झालं हो!

एक गोष्ट मात्र मले पक्की समजली. मले वाटे, धडक ज्याले बसली तोच उडत असन. सर म्हणाले, "नाही गजाननभाऊ. धक्का सगळे वाटून घेतात. पुंजका गरम होते, अन थोड्या वेळानं भलत्याच बाजूचा, ज्याले काही लागलंच नाही, तो निघून जाते." मी म्हटलं, हे तर आमच्या भावकीत दर दिवाळीले होते. सर असे हसले का बशी सांडली.

आता माहा गुन्हा. सरांचा कम्प्युटर अन आपल्या विहिरीवरच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. घराची लाईट चोवीस तास असते, शेताची ठरल्या वेळी येते, अन तवा सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या का डीपी उडते. ते गणित तीन दिवस चालते. मधात बंद पडलं का पहिल्यापासून. प्रोग्राम सरांनीच लिहिला, अन सरांसारखाच होता. त्यांले मधात टोकलं का तेही गोष्ट पहिल्यापासून सांगत. मागच्या महिन्यात ते घरोघर आले. म्हणे, शेवटचं गणित आहे, तीन दिवस मोटारी पाळीनं लावा. सगळ्यात मोठ्यानं हाव कोण म्हणालं? मी. अन तिसऱ्या दिवशी मीच मोटारीचा स्टार्टर ऑटोवर ठेवून बीबी गावाले लग्नाले गेलो. शेताची लाईट आली, पाळी नसताना माही मोटार आपोआप सुरू झाली, डीपी उडाली. तासाभराचं काम राह्यलं होतं.

परत आलो तर सर बांधावर उभे. म्हणाले, "लग्नात वांग्याची भाजी होती का?" एवढंच. मंडळी, त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लगेच सर दवाखान्यात भरती झाले, अन आठ दिवसांनी गेले.

दवाखान्यात सरांनी वहिनीले सांगितलं, माहं झालं का तेवढं बटन दाब. ज्या वहिनींनी त्या कम्प्युटरले जन्मभर सवत म्हटलं, त्यांनी परवा पदर खोचून बटन दाबलं. दोन दिवस मी बांधाबांधानं फिरून पाळ्या सांभाळल्या. आज तिसरा. पाचले पुरं होते. समजणार कोणाले? मले नाही, वहिनीले नाही. सरपंचसाहेब, मान हलवू नका, तुम्हालेही नाही. सरांची एक विद्यार्थिनी आता कॉलेजात शिकवते, ती संध्याकाळी येऊन राह्यली. तिले समजते.

म्हणून मागतो. साडेअकरा झाले. तुम्ही इथं दुःखात बसले, अन तिकडं तुमचे ऑटो बाराची वाट पाहून राह्यले. एक दिवस पाणी नाही मिळालं तर कांदा मरत नाही. माहा ऑटो सकाळीच बंद केला. वहिनींनी स्वतः येऊन तपासला, अन त्यांचं बरोबर आहे.

उठा. मौन इथं पाळायचं नाही. आपापल्या स्टार्टरपाशी जा, ऑटो बंद करा, अन तिथंच दोन मिनिटं उभे राहा.

सर, आम्ही बंद करतो. तुमचं चालू राहू द्या.