सासूबाईंच्या उशाचा अँप्लिफायर

...नाही, पण मला सांगा, अँप्लिफायर बनवणारीनं गुपचूप बनवावा की ऐकणारीनं मध्ये मध्ये बोलावं? तुम्हाला सांगते, आमच्या सासूबाईंच्या रेडिओग्रामची तबकडी फिरते, पण आतला अँप्लिफायर जळाला आणि आवाज गेला तो गेलाच. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. मग रोज दुपारी रेकॉर्डी ऐकणारे ते दोन कान रिकामे झाले आणि थेट आले माझ्या स्वयंपाकघरात! "अगं, नळ किती सोडतेस?" "झाकण हळू ठेव." "काय सांडलं?" अहो, सांडायच्या आधी विचारायच्या!

नवऱ्यानं दुकानातून नवा अँप्लिफायर आणला, चकचकीत. सासूबाईंनी ऐकला आणि म्हणाल्या, "ह्यात बाई गात नाही, बातम्या देते." झालं, परत! त्यांना व्हॉल्व्हचाच हवा, काचेचे दिवे तापून हळूहळू आवाज येतो ना, तसा. आणि मी, लग्नाआधी मीटरच्या कारखान्यात सोल्डरिंग केलेली, पटकन बोलून गेले, "मी करते की." कशासाठी? तर दुपारच्या शांततेसाठी!

बरं, मापं त्यांची. उशाशी टेबल एवढंसं, त्यावर पाणी, चष्मा, औषधं, त्यातलं काही हलणार नाही. उरली जागा वीतभर. म्हणजे व्हॉल्व्ह, दोन जडशीळ ट्रान्सफॉर्मर, सगळा संसार एका बिस्किटांच्या डब्यावर! आणि काम काय साधं आहे? बंद केल्यावरही आत वीज दबा धरून बसलेली असते. म्हणून मोजताना एक हात पाठीमागे ठेवायचा, झटका छातीतून जाऊ नये म्हणून. मी अशी उभी, नवरा दाराशी लाकडी लाटणं घेऊन, मी चिकटलेच तर ढकलायला, आणि सासूबाई विचारतात, "कंबर धरली का गं?"

त्यात एक ट्रान्सफॉर्मर उभा, एक आडवा, ते त्यांना बघवेना. "ओळीत लाव की दोन्ही, शेजारी शेजारी. घर आहे हे, गॅरेज नाही." लावले बाई ओळीत. कशासाठी? दुपारच्या शांततेसाठी!

चालू केला. दिवे लालसर पेटले, आणि स्पीकरमधून... घूंऽऽऽ! गाणं मागे, भुंगा पुढे. वायरी बदलल्या, जोड नव्यानं केले, तरी आपलं घूंऽऽऽ. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण सासूबाईंनी नुसती रेकॉर्ड उतरवली, पदरानं पुसली, पाकिटात घातली आणि म्हणाल्या, "राहू दे. खूप ऐकलं आयुष्यात." तुम्हाला सांगते, टोमणा असता तर मी परतवला असता हो, पण हे मला सोसेना. म्हटलं, शांतता गेली खड्ड्यात, ह्या बाईला गाणं ऐकू आलंच पाहिजे.

डबा पुन्हा उघडला. बघते तर काय, ते दोन ट्रान्सफॉर्मर अगदी खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि एकाची कुरकुर सरळ दुसऱ्याच्या डोक्यात! आमचंच घर की हो. एकाचे स्क्रू सैल केले, त्याला काटकोनात वळवलं, तोंड तिकडे. भुंगा गप्प!

रेकॉर्ड लावली. सासूबाईंचा हात चादरीवर ताल धरायला लागला. हळूच म्हणाल्या, "अगं... तिचा श्वाससुद्धा ऐकू येतोय." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा पलंगावर सरकून जागा दिली. मी बसले. बसले ती बसलेच. आणि ऐन रंगात आल्यावर त्या कानाशी येऊन म्हणतात, "हा माझ्या बाजूचा झाला. आता एक पलंगाच्या तुझ्या बाजूला कर, म्हणजे रोज दोघी ऐकू."

अहो, दुसरा करायचा? पुन्हा ते चटके, पुन्हा तो लाटणंवाला दाराशी? मी तोंड उघडलं होतं नाही म्हणायला... पण काय करता, बोलले असते तर पुढचा अंतरा बुडाला असता ना!