सोपानआबांची शेवटची हरकत

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनीही बसा, सतरंजी पुरेल. तो पंखा जरा बंद करा, त्याच्या खडखडाटात माझा आवाज पोचत नाही.

मला बोलायला जमेल की नाही, माहीत नाही. तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. तुमच्यातल्या निम्म्यांना भूमितीत नापास केलं. पण शोकसभेत कधी बोलले नाही. सुनीताने, आबांच्या मुलीने, दोनदा विनंती केली की मालतीबाई, तुम्ही बोला. दोनदा मी नाही म्हटलं.

मग का उभी राहिले, ते आधी सांगते. आबांच्या दशक्रियेच्या दिवशी नदीकाठी आपण सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होतो. माझ्या पाठीमागे दोघेजण उभे होते. एकजण म्हणाला, "सुटलं बाबा. आता चढवा मजले. हरकत घ्यायला हाय कोण?" दुसरा हसला. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ओळखलं असतं, आणि ओळखलं असतं तर आज इथे नाव घेतलं असतं. हरकत घ्यायला आहे कोण, या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी उभी आहे. लांबण लावणार नाही.

आबा काय काम करायचे, ते नव्या सुनांना आणि बाहेरून आलेल्यांना सांगते. घराला खोली वाढवायची, वर मजला चढवायचा, जिना बाहेरून काढायचा, तर परवानगी लागते. परवानगीला नकाशा लागतो. तो नकाशा सोपानआबा काढायचे. इंदापूर रस्त्याला त्यांची एक खोली होती. टेबल एक, खुर्ची एक. येणाऱ्याला खुर्ची नाही. मी एकदा म्हटलं, आबा, गिऱ्हाइकाला बसायला काहीतरी ठेवा. तर म्हणाले, "बसून काय करायचं, बाई? कागद हितं काढतो, पण घर तितं हाय. तितं चला." आणि गाडीला पहार बांधून निघायचे. पहार! आधी पहार, मग टेप, आणि पेन सगळ्यात शेवटी. घराच्या कोपऱ्याला खड्डा मारायचा, पाया किती खोल आहे ते हात घालून बघायचं, खाली कठीण मुरूम लागतो का ते बघायचं. मग खड्डा स्वतः बुजवायचा. त्याशिवाय रेघ ओढायची नाही.

लोक वैतागायचे. मीही वैतागले होते. फोन उचलायचे नाहीत, दिलेल्या दिवशी यायचे नाहीत, चहा गोड झाला तर तोंडावर सांगायचे. ते चुकायचे नाहीत, असंही नाही. पळसदेवला एका घराचा जिना त्यांनी असा काढला की शेवटची पायरी गुडघ्याएवढी उंच झाली. त्या घरातली म्हातारी वर चढताना अजून आबांचा उद्धार करते. हे मला आबांनीच सांगितलं आणि सांगताना हसून हसून त्यांना ठसका लागला.

पण खड्डा त्यांनी कधी चुकवला नाही. का, ते आपल्या मातीला विचारा. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी मिळालं की ती फुगते. उसाला चांगली, घराला वाईट. आणि आपण काय करतो? ऊस थेट भिंतीला भिडवतो. पाया तीन फूट खणतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. स्लॅब पडला की त्यावर सळया उभ्या सोडतो. उद्या धाकट्याचं लग्न ठरलं की त्या सळयांना नव्या सळया बांधायच्या, बास. सळया वर आल्यात म्हणजे मजला झेपणार, असं आपण सगळे धरून चालतो. मीही धरून चालले होते. गणिताची बाई!

आता माझ्या घराचं सांगते. चुळबुळ करू नका, भाऊसाहेब. हे माझे धाकटे दीर, पहिल्या ओळीत बसलेत. घर आमचं दोघांचं. उत्तरेचा भाग त्यांचा, दक्षिणेचा माझा, आणि ईशान्येच्या कोपऱ्यातली मागची खोलीही माझीच.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं लग्न ठरलं. मी आबांना बोलावलं, वर दोन खोल्या काढायच्या म्हणून, त्यातली एक मागच्या खोलीवर. ते आले. दक्षिणेला खड्डा मारला, चार फुटांवर मुरूम लागला, पाया त्याच्यावर टेकलेला. आबा खूश. ईशान्येला मारला. पाया तीन फुटांवर संपला आणि खाली काळी माती, काळी माती, सात फुटांपर्यंत काळी माती. आबांनी पहार बाहेर काढून ठेवली. मग म्हणाले, "बाई, वर न्हाय. मागं वाढवा, पुढं वाढवा, पाया नवा काढा. ह्याच्यावर आनिक वजन न्हाय द्यायचं."

मी म्हटलं, पंचवीस वर्षं उभं आहे घर.

"उभं हाय ना? मग उभं ऱ्हाऊ द्या की."

भाऊसाहेब तेव्हा शेजारी होते. ते म्हणाले, "वहिनी, याचं काय ऐकताय? दुसऱ्याला नकाशे काढून देतो आन स्वतः पत्र्याखाली ऱ्हातोय." आबा हसले. म्हणाले, "पत्र्यात उकडतंय, भाऊसाहेब, पण झोप लागती."

मी शहरातल्या दुसऱ्या एकाकडे गेले. त्याने घर न बघता दोन दिवसांत नकाशा दिला. सुंदर नकाशा. भिंतीच्या बाजूला दोन फूट बोळ आहे, तिथे त्याने पाच फूट मोकळी जागा दाखवली होती. पाया सात फूट खोल, मुरुमावर टेकलेला. मी तो नकाशा मुद्दाम आबांना नेऊन दाखवला. मला त्यांना खिजवायचं होतं, खोटं कशाला बोलू? त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि विचारलं, "लई चांगलं घर हाय, बाई. कुठं हाय हे?"

मी कागद ओढून घेतला आणि निघून आले. आठवड्याने त्यांनी माझ्या अर्जावर लेखी हरकत घेतली. पाहणी झाली, परवानगी नाकारली गेली. मी त्यांच्या दारात गेले आणि काय बोलले? काम तुम्हाला मिळालं नाही म्हणून तुम्ही माझं घर अडवलंत, असं बोलले. इंदुवहिनी, आबांच्या पत्नी, दारातच होत्या, त्यांनी ऐकलं. आबा म्हणाले, "काम ग्येलं तर ग्येलं. तुमी आत या, च्या घ्या." मी आत गेले नाही. तीन वर्षं गेले नाही. लग्न झालं, मुलगा-सून पुण्याला राहायला गेली, वरच्या खोल्यांची गरजही उरली नाही. राग तेवढा उरला.

आता जे सांगणार आहे ते या गावात कुणालाच माहीत नाही. मुलालाही नाही.

गेल्या पावसाळ्यात मागच्या खोलीची भिंत फाटली. ईशान्येचा कोपरा खाली बसला. वर मजला नसताना, नुसत्या स्वतःच्या वजनाने बसला. भेग अशी की माझा तळहात आत जातो. मी काय केलं असेल? एक बाई, शिकलेली, हिशेबाने चालणारी, दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने दाखवणारी. मी बाहेरून गिलावा करून घेतला आणि आतून भेगेसमोर कपाट ओढलं. झालं! कारण भेग दिसली असती तर आबा बरोबर होते, हेही दिसलं असतं.

दिवाळीनंतर बारामतीच्या एसटी स्टँडवर आबा भेटले. तेच बोलले आधी. "बाई, ईशान्येचा कोपरा कसा हाय?"

मी म्हटलं, चांगला आहे.

त्यांनी पिशवी उचलली. मग म्हणाले, "बरं." वरकुट्याची गाडी लागली, ते चढले. आमच्यातलं शेवटचं बोलणं ते. गिलावा त्यांनी रस्त्यावरून बघितलाच असणार. जुन्या भिंतीवर नवा चौकोन त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नाही. तरी त्यांनी मला एक संधी दिली होती खरं बोलायची. मी बोलले नाही. झोपताना, भाजी चिरताना, कधीही ते "बरं" कानात येतं आणि मला एका जागी बसवत नाही. आत्ताही बघा, मी या टेबलाभोवती फेऱ्या घालतेय.

आणि इथेच थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. यंदा भाऊसाहेबांच्या थोरल्याचं लग्न ठरलं. त्यांनी मजल्यासाठी अर्ज केला. तो मजला माझ्या मागच्या खोलीवरूनही जाणार, म्हणून माझं संमतीपत्र लागलं. भाऊसाहेब कागद घेऊन आले आणि मी सही केली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, कारण कपाटाच्या मागे होतं. मी सही केली, मंडळी! ज्या भिंतीत माझा हात जातो, तिच्यावर मजला चढवायला.

हरकत कुणी घेतली? आबांनी. पुन्हा. त्यांचा आमच्या घराशी संबंध काय? घर त्यांचं नाही, बांध त्यांचा नाही, नातं नाही, आणि मी तर बोलतही नव्हते. सुनावणी लागली आणि तिच्या आधीच आबा गेले. नंतर मी कचेरीत चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं, हरकतदार मयत, हरकतीचा पाठपुरावा करणारं कुणी नाही. सुनीता अभियंता आहे, तिने मला स्पष्ट सांगितलं, "बाई, मी कितीही ओरडले तरी घर माझं नाही. हे मालकालाच थांबवता येईल." आणि तिकडे भाऊसाहेबांनी परवानगी हातात यायच्या आधीच वर खांब उभे करून टेकू लावले आहेत. येत्या गुरुवारी स्लॅब. आचाऱ्याला स्लॅबच्या जेवणाचं सांगूनही झालंय.

त्या टेकूंच्या खाली सहा माणसं झोपतात.

भाऊसाहेब, खाली बसा. काय म्हणताहेत ऐकलंत ना सगळ्यांनी? "वहिनी, घरातलं घरात बोलू." घरातलं मी वर्षभर घरातच ठेवलं, भाऊसाहेब. तुम्हाला भेग दाखवली नाही, हा गुन्हा माझा आहे. तुम्ही मला बोल लावा, चारचौघांत लावा, मी ऐकून घेईन. पण त्या कोपऱ्यावर मजला चढणार नाही. "लग्नाचं काय मग? पोरानं बायकोला कुठं आणायचं?" हे बरोबर विचारलंत. त्याचंही उत्तर घेऊन आले आहे, जरा धीर धरा.

आबांना आपण आडवा येणारा माणूस म्हणायचो. कामात खोडा घालणारा म्हणायचो. मी त्यांना त्यांच्या दारात त्याहून वाईट बोलले. इंदुवहिनी, तुम्ही इथे बसला आहात. त्या दिवशीचा माझा शब्द मी या सगळ्यांसमोर मागे घेते. आबांच्या समोर घ्यायला हवा होता. तेवढा उशीर मी केला.

ज्यांच्या स्लॅबवर सळया उभ्या आहेत त्यांना एवढंच सांगते, घरी गेल्यावर कोपऱ्याला खड्डा मारा आणि आत हात घाला. आबांची वाट बघू नका.

आता सगळे उभे राहा. टोप्या, मोबाइल, सगळं खाली. हार-फुलं पुष्कळ झाली, आबांना आपण दोन मिनिटं आपली शांतता देऊ. कुणी कुजबुजायचं नाही.

…

बसा. एक नोंद राहिली, ती वाचून दाखवते, म्हणजे उद्या कुणी मला माहीत नव्हतं म्हणणार नाही. ग्रामसेवक भाऊ, पुढे या.

एक. मी दिलेलं संमतीपत्र रद्द केल्याचा अर्ज, दोन प्रती. ग्रामसेवकांकडे दिला. एका प्रतीवर पोच घेतली.

दोन. त्याच घरावर माझी, सहमालक म्हणून, लेखी हरकत. सोबत भेगेचे सहा फोटो, पट्टी लावून काढलेले. दिले, पोच घेतली.

तीन. मागच्या खोलीची चावी. सुनीताकडे दिली. कोपऱ्याचं काय करता येईल ते तिने तपासून सांगायचं. तोवर तिथे कुणी झोपणार नाही.

चार. दक्षिणेच्या दोन खोल्यांच्या चाव्या, मुरुमावरच्या. नव्या जोडप्यासाठी. मला मधली खोली आणि स्वयंपाकघर पुरतं. घेणार: भाऊसाहेब. भाऊसाहेब? हात पुढे करा.

बरं. मग टेबलावर ठेवते.

सुमन, जाऊबाई, तू उठलीस? ये. घे. दोन आहेत, मोजून घे. आणि इथे सही कर, पूर्ण नावाची.

चार. चाव्या दोन. दिल्या: मालती. घेतल्या: सुमन.