कुळंजन नव्हे, कुंची

अं हं, झाकण नका ठेवू — पाणी उकळेपर्यंत ठेवलं तर चालेल, पाला टाकल्यावर नाही. माठ कोंडला की काळा पडतो, आणि काळं पान दिसलं की लारास ताटच सरकवते. तेवढं कारण पुरतं तिला. तुम्ही बसा ना, त्या स्टुलावर बसा, दवाखान्यात दिवसभर उभ्याच असता औषधं देत. आज अर्धी रजा काढलीत म्हणे? माझ्याकडे यायला? — बरं. नाही, बरं केलंत. रविवारी निघायचं म्हणजे चारच दिवस राहिले. आणि समुद्रापलीकडे बालिकपापानला तुमचं कोण आहे? नोकरी सिगितला मिळाली, ओळखी त्याच्या. घरात तुम्ही दोघं आणि सहा वर्षांची लारास. तिथं तिला जेवायला दुसरं घर नाही. — काही नाही. काही नाही म्हटलं मी. कांदा चिरा. लहान घ्या, हे चार पुरेत.

वही कशाला आणलीत? यात लिहिण्यासारखं काय आहे! पाणी, कांदा, मक्याचं कणीस, मीठ, चिमूटभर साखर आणि शेवटी माठाची पानं. दहा मिनिटांचं काम. तुम्ही पावणेसहाला घरी येता, सिगित संध्याकाळची, मगरिबची नमाज पढून उठेपर्यंत होतं सुद्धा. मात्र रोज ताजं करायचं, सकाळचं संध्याकाळी गरम करायचं नाही — माठाचं कालवण दुसऱ्यांदा तापवलं की विष होतं म्हणतात आपल्याकडे, खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण नाही तापवायचं. जोडीला आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे तळा, नाहीतर अंड्यात टोफू कुस्करून, गाजर किसून पोळी करा. गाजर बारीक किसलं की तिला ते अंडंच वाटतं. आणि कणसाचे दाणे सोडवू नका, असे आडवे काप करा, चाकासारखे. दाणे चमच्याने खावे लागतात. चाक हातात धरता येतं. मुलं नखरेल असतात असं सगळे म्हणतात, पण त्यांना काय हवं असतं सांगू? हातात धरता येईल असं काहीतरी हवं असतं.

हां, आणि ही मुळी. ठेचून टाका, दोन-तीन बोटं बस्स. कुंची हिचं नाव, आपल्याकडे कुंची म्हणजे किल्ली — बघा ना, जुडग्यासारखीच दिसते. — कुळंजन? मी कुळंजन म्हटलं होतं? केव्हा? हो, फेब्रुवारीत, आठवतंय. तुमचं लग्न होऊन महिना झाला असेल, फाटकाशी उभ्या राहून तुम्ही विचारलंत, “गुरूबाई, वेनिंगताई त्या कालवणात काय घालायच्या?” वेनिंगताई म्हणालात. माझ्या मेलेल्या मुलीला ताई म्हणालात तुम्ही, मला ते — ऐकण्यात चूक झाली असेल तुमच्या. रस्त्यावर मोटारसायकली किती असतात त्या वेळी. कुळंजन नाही हो घालत यात. कुळंजन मासळीत.

आठ महिने कुळंजन घालत होता? दर आठवड्याला?

— पानं निवडा. देठ लहान ठेवा.

आता म्हणायला हवं, नाही का, की वेनिंग माझ्याकडूनच शिकली हे. गल्लीत सगळ्यांना तसंच वाटतं. नाही. माझ्या घरात वेनिंग कधी नीट जेवलीच नाही. ती लहान असताना मी शाळेत चौथीला शिकवत होते, घरीही वर्गच भरायचा. तिच्या ताटासमोर मी गजराचं घड्याळ ठेवायचे. पंधरा मिनिटं. गजर झाला आणि भात उरला तर — आम्ही सांगतो ना मुलांना, पानात टाकलेला भात रडतो म्हणून — तर मी म्हणायचे, “ऐक, रडतोय तो, तुझ्यामुळे रडतोय.” ती घास गालात धरून बसायची. गिळायची नाही, थुंकायची नाही. एकदा सकाळी शाळेत निघालो तरी रात्रीचा घास गालातच. सात वर्षांची होती. लग्न झाल्यावर ती स्वतःच्या घरी, हे इथे चार दारांपलीकडे, हे कालवण करायला लागली. कुठून शिकली कोण जाणे, कुणा मैत्रिणीकडून असेल. लारासला मांडीवर घेऊन भरवायची, गाणं नाही, गोष्ट नाही, नुसती वाट बघत बसायची पोरगी तोंड उघडेपर्यंत. मी एकदा म्हटलं, “अशाने लाडावेल.” ती म्हणाली, “आई, तू घड्याळ बघून घरी जा.” हसत म्हणाली हो. तिचा स्वभाव तसा — चांगला होता.

मग ताप आला तिला. तीन दिवस. तुम्हाला माहीतच आहे.

तर कुंची. मी नंतर शोधून काढली. लारास साडेतीन वर्षांची होती, काही खाईना. आई कुठे, आई कुठे एवढंच. मी दहा तऱ्हांनी कालवण केलं, ती वास घ्यायची आणि मान वळवायची. वेनिंगच्या स्वयंपाकघरात डब्याच्या मागे वाळलेली दोन बोटं सापडली, तेव्हा कळलं. त्या दिवशी पोरीने वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि रिकामी करून मला, आजीला, म्हणाली, “उती, अजून.” माझ्या हातचं जेवून आजवर कुणी मला “अजून” म्हटलं नव्हतं. छप्पन्न वर्षांची बाई मी. चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

म्हणून.

तुम्ही बरोबर ऐकलंत फेब्रुवारीत. मी कुळंजनच म्हटलं होतं.

— अशा बघू नका. बोला काहीतरी. नाही, नका बोलू, मला संपवू द्या, नाहीतर पुन्हा होणार नाही माझ्याच्याने. मला वाटलं, एवढंच तर आहे माझ्याजवळ. घर सिगितचं, वेनिंगचा फोटो भिंतीवरून उतरला — तुम्ही नाही उतरवला, त्यानेच उतरवला, मला ठाऊक आहे — आणि जावयाची दुसरी बायको सासूची कोण लागते हो? तुमच्या भाषेत असेल तर सांगा, माझ्या भाषेत शब्द नाही. लारास एक दिवस इथे आली आणि म्हणाली, “उती, मिराहमावशीच्या कालवणाला बाबांच्या मलमाचा वास येतो.” मी हसले. खूप हसले, तीही हसली, आम्ही दोघी हसलो. तुम्ही तेव्हा घरी तेच पातेलं घासत असाल.

आणि एवढ्यावर थांबत नाही. मशिदीतला तिचा वर्ग साडेचारला सुटतो. तुम्हाला वाटतं ती माझ्याकडे खेळायला येते. ती जेवायला येते. रोज. वाटीभर भात, हे कालवण, तेंपेचे चार तुकडे, कधी केळं. सहाला हात-तोंड धुऊन घरी पाठवते आणि सांगते — काय सांगते माहीत आहे? “मावशीला सांगू नकोस हं, तिला वाईट वाटेल.” सहा वर्षांच्या पोरीला मी हे शिकवलं, मी शिक्षिका. मग साडेसहाला ती तुझ्यासमोर ताट घेऊन बसते आणि तोंड उघडत नाही. कशी उघडेल? पोटात जागा कुठे असते? तू आपली रोज नवीन काहीतरी करतेस, नूडल्स, कोंबडीचे गोळे, भाताचं अस्वल केलं होतंस म्हणे कान-बिन लावून. मला सगळं सांगते ती. पोर नखरेल नाही गं. पोट भरलेलं असतं तिचं.

बाजारात तुमिनीबाई म्हणाली, “सावत्र आईच्या हातचं मीठही अळणी.” सगळ्या बायका हसल्या. तिथे मी होते. मी म्हणू शकले असते काहीतरी, माझा मान आहे गल्लीत, गुरूबाई बोलली की गप्प बसतात. मी कोथिंबीर निवडत राहिले.

रडू नकोस. किंवा रड, पण चुलीपासून लांब. मी आज बोलले कारण काल रात्रभर एकच डोळ्यापुढे आलं — नवं घर, खिडकीबाहेर काय दिसतं तेही मला माहीत नाही, तू ताट वाढलंयस, आणि लारास घास गालात धरून बसलीय. गिळत नाही, थुंकत नाही. आणि मला हाक ऐकू यायला मध्ये समुद्र. मी एकीला तसं बसवलं होतं. आता दुसरीला नाही.

वही राहू दे. हे बघ, ही सगळी कुंची घे, तिथल्या बाजारात मिळेल, नाही मिळाली तर कुंडीत लाव, पाणी जास्त नको. हे पातेलं नको नेऊस. हे माझ्या हातचं झालं, तिला लगेच कळतं. हे मी खाईन. तू घरी जाऊन कर, तुझ्या पातेल्यात, तुझ्या मिठाने. पहिल्या दिवशी ती खाणार नाही. दोन घास खाईल, फार तर. घाई करू नकोस, नुसती बसून राहा समोर. घड्याळ — तुमच्या स्वयंपाकघरात घड्याळ आहे का? असू दे, पाठ कर त्याच्याकडे.

किती वाजले? सुटला वर्ग. चपला फरफटत चालते ती, दुकानापासून ऐकू येतं, ऐक. तू पुढे हो, फाटकातच गाठ तिला, आत येऊ देऊ नकोस. हाताला धरून सरळ घरी ने. विचारेल, उती कुठे. सांग, बाहेर गेलीय. भूक लागली म्हणेल — लागू दे. आज तिला भूक लागू दे, मिराह. साडेसहापर्यंत लागू दे.

नाही, मी नाही येत दारापर्यंत. पाया काय पडतेस, ऊठ. शनिवारी भेटायलाही आणू नकोस तिला, मला जमणार नाही, मी काहीतरी करून ठेवेन आणि तिला वाढेन. विमानात बसल्यावर फोन लाव, आवाज ऐकव. आता जा. दार ओढून घे बाहेरून. हाक मारेल ती, मारू दे, तू थांबू नकोस —

जा म्हणते ना. मी घरात नाही.