डावीकडे ओढणारी गाडी

नाही हो ताई, चाकं जुळवायच्या मशीनवर नाही चढवायची ही — ती मशीनं नव्या गाड्यांना, ज्यांची चाकं आपापल्या मर्जीची असतात. हिला पुढे एकच आडवा दांडा, या चाकापासून त्या चाकापर्यंत सलग. एक्सल तो हाच — वाका जरा, मी बॅटरी धरतो. दिसला? चाक किती कलतं, किती मागे झुकतं, ते सगळं या लोखंडातच घडवलेलं असतं, ते पाना फिरवून बदलत नाही. आपल्या हातात एवढंच, की दोन्ही चाकांची तोंडं किंचित आत वळलेली ठेवायची — आणि ते मी या पट्टीनं मोजतो. हो, लाकडाची पट्टी, दोन खिळे, झालं. हसा, सगळेच हसतात. बसा त्या स्टुलावर, पुसलंय मी ते. डावीकडे ओढते म्हणालात ना — सारखी, की ब्रेक मारल्यावर? ब्रेक मारल्यावर. हं. स्टिअरिंग हातातून कुणी हिसकावून घेतल्यासारखं? हं. आणि रविवारी वडलांना बसवून न्यायचंय. किती वय त्यांचं? ब्याऐंशी! तरुणपणी अशीच गाडी होती त्यांची — मग बरोबर आहे, मलाही आवडलं असतं कुणी माझ्यासाठी असं केलेलं.

आता गंमत सांगू का — मगाशी तुम्ही फोनवर बोलत होता तेव्हा मी मोजलं. पुढून मोजलं, मागून मोजलं, चाकं अर्धा फेरा फिरवून परत मोजलं. जेवढी आत वळलेली हवीत तेवढीच, एका केसाचाही फरक नाही! ज्यानं कुणी लावलंय त्याला काम येतं. मग ओढते का? टायर सारखे, हवा सारखी, ब्रेक दोन्हीकडे सारखे धरतात. म्हणून मी खाली सरपटलो आणि एक्सलवरचा रंग जरा खरवडला. आणि तिथे — या इथे, मधोमध — तीन ठिपके आहेत, पंचनं, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्यारानं ठोकलेले. बोट फिरवून बघा. हे ठिपके आमचे बाबा ठोकायचे. एक्सल दोरी लावून तपासला, सरळ निघाला, की तीन ठिपके. दुसरं कुणी ठोकत नव्हतं.

कुणाकडून घेतलीत म्हणालात? नाही, मला माहितीय तुम्ही सांगितलं, परत सांगा. उंच, टक्कल, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो — हो, तोच. माझा दादा तो. सख्खा. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती? अकरा वर्षं? असं का. मला तर त्यानं सांगितलं होतं की भंगारात दिली, कापून दिली, तुझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून. मी त्याचे आभार मानले होते ताई. खरंच मानले होते. आणि मी काय ओळखणार, तेव्हा ही हिरवी होती, लायटी वेगळ्या, बसायच्या गाद्या वेगळ्या.

पाणी घ्या. मी पण घेतो. आमच्या बाबांची गाडी ही. बाबा शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा खिडकीतून हिच्याकडे बघत पडायचे. बाबांचा गाड्या दुरुस्तीचा कारखाना मी आणि दादा चालवायचो — दादा गिऱ्हाइकं बघायचा, मी गाडीखाली. आमच्यात कधी मोठ्यानं बोलणं झालं नाही, विचारा कुणालाही. दादानं पाहिलंय म्हटलं की ते मी परत बघायचो नाही, आणि तो माझं बघायचा नाही. आणि बाबांची एकच ताकीद — वाकलेला एक्सल थंडाच सरळ करायचा, दाब देऊन, चार दिवस लागले तर लागू देत. ज्योत लावायची नाही. ज्योत लावली की लोखंड मऊ पडतं, वरून दिसायला सरळ, पण जोरात ब्रेक मारला की पीळ खातं आणि चाक आपल्या मनानं वळतं. मग ती गाडी नाही राहत, सापळा होतो.

तर अकरा वर्षांपूर्वी — दुपारची वेळ, लख्ख ऊन — मी बायकोला तिच्या माहेराहून आणत होतो. उताराचं वळण, पुढे एक सायकलवाला, मी ब्रेक मारला. त्यानंतर मला दिसली ती भिंत. डावी बाजू भिंतीत. ती डावीकडेच बसली होती ना. वाचली, वाचली — पण डावा हात खांद्याच्या वर जात नाही. आणि ती डावखुरी ताई, दुकानांच्या पाट्या रंगवायची, शिडीवर चढून. एवढी एवढी अक्षरं, पट्टी न लावता सरळ! आता घरात डब्यांवर नावं घालते.

हॉस्पिटलात दादा आला, माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाला, "डोळा लागला असेल रे तुझा, होतं असं." मी म्हटलं, नाही दादा, गाडी फिरली. तो म्हणाला, "गाडी आपोआप कशी फिरेल? तूच तर लावली होतीस ना चाकं त्या सकाळी?" लावली होती. मीच लावली होती. तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांना सांगत होता, डोळा लागला त्याचा. आठवड्याभरात मीही सांगायला लागलो. बायकोला मीच सांगितलं — तिच्या खाटेपाशी बसून — की माझा डोळा लागला, मला माफ कर.  भांडली नाही ती. फक्त तेव्हापासून मी चालवतो त्या कशातच ती बसत नाही. लग्नाकार्याला मी स्कूटरवरून पुढे, ती मागून बसनं, पिशव्या घेऊन. आणि दादा म्हणाला, गिऱ्हाइकं बिचकतात रे, थोडे दिवस तू वेगळा बस. थोडे दिवस. वेगळा बसलो ती हीच शेड.

आता खरवडलेलं बघा. हा वरचा काळा रंग, दादानं विकताना मारलेला. त्याच्याखाली करडा. करड्याखाली पुट्टी. आणि पुट्टीखाली — हे काळपट, खपलीसारखं, हे भाजलेलं लोखंड. ज्योत लावलीय. तुम्ही म्हणाल, अपघातानंतर सरळ करताना लावली असेल. म्हणा ना, मीही तेच म्हणत होतो इतका वेळ, गाडीखाली पडल्या पडल्या. पण हा करडा रंग माझ्या ओळखीचा आहे. त्या सकाळी मी चाकं लावायला खाली गेलो तेव्हा इथेच, वीतभर, हा करडा रंग होता — ओला होता, माझ्या बोटाला लागला. मी विचारलं, दादा, हे काय? "गंज होता, घासून रंग मारला. एक्सल मी पाहिलाय." आणि मी बोट पँटला पुसलं. त्याच आठवड्यात तो गाडी घेऊन कुठेतरी गेला होता, पुढची लाइट फुटून आली होती, कुत्रं आडवं आलं म्हणाला. बाबा तेव्हा अंथरुणावर होते, त्यांना कळलं असतं तर... एक्सल तेव्हाच वाकला, म्हणून घाईनं भाजून सरळ केला असणार. एवढंच. खोटं एवढंसंच होतं हो. पण मी बायकोला घेऊन येणार आहे हे त्याला ठाऊक होतं. आणि हॉस्पिटलात, पाठीवर हात ठेवताना, तेव्हा तर सगळंच ठाऊक होतं.

त्यानंच तुम्हाला इकडे पाठवलं? माझ्याकडे? थांबा — काय म्हणाला? नीट आठवून सांगा, त्याचेच शब्द. मला वाटलं, कदाचित... त्यालाही आता सोसवत नसेल, मी बघावं म्हणून पाठवली असेल. सांगा ना.

"फक्त चाकं जुळवून दे म्हणावं. खाली बघायची गरज नाही, एक्सल मी पाहिलाय."

असं म्हणाला. बरं.

नाही, मला काही होत नाहीय. त्याला फोन नका लावू, ठेवा तो फोन. गाडी इथेच राहील, तुम्ही रिक्षानं जा, आणि ही किल्ली मी देणार नाही, पोलिसांत गेलात तरी नाही — वडलांना सांगा दुसऱ्या एक्सलची व्यवस्था होईपर्यंत थांबा, मी शोधतो. मला घरी जायचंय. तिला सांगायचंय की मी जागा होतो. पण ती विचारणार ना — की जागा होतात, तर मग माझ्या खाटेपाशी बसून झोपलो होतो असं का म्हणालात? काय सांगू? दादा म्हणाला म्हणून? या वयाच्या माणसानं बायकोच्या तोंडाकडे बघून हे सांगायचं?

उठा ताई. स्टूल तिथेच राहू द्या. शटर ओढायचंय मला.