सहा वाजून दहा मिनिटांचा आवाज

...न्हाई, पन मला सांगा, ज्या मानसानं चाळीस वर्सं नुसती गाड्यांची खरखर काढली, त्याला एका रेडिओतला एक आवाज पंधरा दिवस सापडू नये? मला? बाबाजानला? नागापूरच्या एमआयडीसीत कुनालाबी इचारा, 'बाबा इलेक्ट्रिकवाले कुठं बसतात', न बघता बोट दावतील, टायरवाल्या गोरक्षनाथाच्या शेजारी, लिंबाखाली. सगळी दुनिया मला बाबाच म्हनते. दाढी काळी हुती तवापासनं बाबा. पूर्न नाव तर आमच्या घरातबी कुनी घेत न्हाई.

तर तुमाला सांगतो, माझ्या उस्तादचं एकच म्हननं हुतं, प्रत्येक आवाजाला बाप असतो. आपोआप काय येत न्हाई. गाडीच्या रेडिओत कुईऽऽ वाजतंय आन् एक्सिलेटर दाबला की चढतंय, तर त्याचा बाप अल्टरनेटर. टकटक हुतंय, इंजनासंगं पळतंय, तर बाप प्लग. पावसात घर्रर्र येतंय, तर बाप वायपरची मोटर. बाप हुडकायचा, त्याची अर्थिंग घट्ट करायची, एक कंडेन्सर मारायचा, की पोरगं गप. इतकं सोपं काम हाय. म्हंजे, हुतं. लीना मॅडम येईपत्तोर हुतं.

लीना मॅडम म्हंजे आपल्या धर्माधिकारी साहेबांच्या मिसेस. सावेडीला शाळेत शिकिवतात. साहेब इथंच एका कंपनीत सुपरवायझर. लई कमी बोलनारा मानूस. माझ्याकडं यायचे, 'बाबा, बॅटरी' म्हनायचे, आन् काम हुईपत्तोर हुभे राहायचे, दुसरा शब्द न्हाई. सात महिने झाले, सांजच्याला कंपनीतनं निघाले, बायपासला छातीत कळ आली, तर त्या मानसानं गाडी नीट कडंला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजन बंद केलं, आन् मान मागं टाकली. लोकांनी बघितलं तवा इंडिकेटर चालू हुता. जातानासुदीक इंडिकेटर दिऊन गेला वो मानूस.

तीच लाल गाडी घिऊन मॅडम आल्या. म्हनल्या, "बाबा, रेडिओत आवाज येतो. रोज सहा वाजून दहा मिनिटांनी."

मी हसलो. म्हनलं, मॅडम, आवाज काय ड्युटीवर जातो व्हय, घड्याळ बघून? त्या न्हाई हसल्या. त्यांनी माझ्या टेबलावर दोन बोटं वाजवून दाखवली, टिगडिक टिगडिक टिगडिक. म्हनल्या, "हे सिग्नलला थांबले की स्टेअरिंगवर अगदी असंच वाजवायचे." मग म्हनल्या, गाडी विकायची न्हाई, पन येवढं बंद करून द्या, सहा वाजले की माझे हात गार पडतात.

मी म्हनलं, ठिवा गाडी.

आन् ऐका, मी काय आडानी न्हाई! पयला सवाल मोबाइलचाच केला मी. मोबाइल रेडिओजवळ आला की आवाज करतो, हे मला म्हाईत हाय. तर त्या म्हनल्या, एकदा घरी ठिवून बघितला, तरी आला आवाज. मी माझाबी दुकानात टेबलावर ठिवला. मोबाइल संपला. मग रोजच्या वाटंनं निघालो. प्लगच्या वायरी बदलल्या, टकटक गेली. अल्टरनेटरला कंडेन्सर मारला, कुईऽऽ गेली. बोनेटला अर्थची पट्टी लावली, एरियलच्या बुडातला गंज घासून काढला, खरखर गेली. आकाशवानी अशी लागली, जशी बाई शेजारी बसून बोलतीया. मी गोरक्षनाथाला हाक मारली, म्हनलं ये, आईक, याला म्हनतात काम. दोघं आत बसलो. इंजन बंद, काचा वर, कांद्याचे भाव चाललेले. कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली... आन् सहा दहाला, टिगडिक टिगडिक टिगडिक, टर्रर्रर्र. अर्धा मिनिट. मग गप. मग पुन्ना कांद्याचे भाव.

गोरक्षनाथ गाडीतनं असा उतरला की त्याची एक चप्पल आतच राह्यली.

बरं, इंजन बंद! अल्टरनेटर झोपलेला, प्लग झोपलेले, वायपर झोपलेला. मग ह्याचा बाप कोन? प्रत्येक आवाजाला बाप असतो ना? दुसऱ्या दिशी रेडिओ काढून माझा बसिवला. आला. मला वाटलं, एमआयडीसीतल्या वेल्डिंगचा आसंल, तर गाडी घिऊन पार विळद घाटाकडं गेलो, वर तार न्हाई, खाली कंपनी न्हाई, चारी बाजूंनी गवात. तिथंबी आला. आयतवारी आला, शुक्रवारी आला. मी घड्याळ बघू लागलो. पाच वाजले की माझं हातातलं काम सुटायचं.

गोरक्षनाथ लांब हुभा राहून म्हनला, "बाबा, साहेबांची ड्युटी सहाला सुटायची. मानूस सुटलाय, घरी निघालाय, पन पोचत न्हाई."

मी म्हनलं, येड्या, प्रत्येक आवाजाला बाप असतो. त्यो म्हनला, मंग मी काय येगळं म्हनतोय, साहेब बापच हुते की, पुन्याला पोरगी हाय त्यांची. पन तुमाला सांगतो, दाढीला हात लावून सांगतो, त्या दिशी मी गाडीला किल्ली लावली आन् आधी मागच्या सीटवर बघितलं. चाळीस वर्सांत पयल्यांदा. घरी जेवाय बसलो तर माझीच बोटं ताटावर वाजाय लागली, टिगडिक टिगडिक. बद्रुन्निसा, आमची बायको, म्हनली, हात काढा ताटावरनं, मला भ्या वाटतंय. म्हनली, दर्ग्यावर न्या ती गाडी. मी म्हनलं, दर्ग्यावर काय सांगू, अर्थिंग तपासली म्हनून?

सोळाव्या दिशी डोस्क्यात उजेड पडला. उस्तादची जुनी युक्ती हाय, खिशातला ट्रान्झिस्टर घ्यायचा, आन् आवाज आला की गाडीत हिकडं तिकडं फिरवायचा, जिथं जास्त बोंबलंल तिथं त्याचा बाप. बसलो एकटाच. गोरक्षनाथ काय आता आत यीना. सहा दहा. टिगडिक... ट्रान्झिस्टर वर नेला, बारीक. सीटखाली नेला, बारीक. डाव्या अंगाला डॅशबोर्डच्या कप्प्याजवळ नेला, आन् तो असा किंचाळला की माझ्या हातातनं पडला.

आता तुमी म्हनाल, बाबा, कप्पा आधीच का न्हाई उघडला? गिऱ्हाइकाच्या गाडीचा कप्पा उघडायचा न्हाई, हा माझा कायदा हाय! मानूस तिथं काय काय ठिवतो. पन त्या दिशी उघडला. गाडीची कागदं, चष्म्याचं घर, आन् खाली रुमालात गुंडाळलेला एक साधा बटनाचा मोबाइल. आतनं चार्जरची वायर लावलेली, थेट बॅटरीवर. आवाज बंद करून ठिवलेला. उजेड मारतोय. वर नाव, रुचा.

आन् मी उचलला. का उचलला? हाताला सवय! वाजला की उचलायचा. म्हनलं, हॅलो. मग पोरीचा आवाज, लई बारीक, "बाबा?"

आता मला सगळी दुनिया बाबा म्हनते! माझी काय चूक? मी म्हनलं, "हां, बाबा बोलतोय."

आन् मग एका दमात ती बोलली. "बाबा, मी त्या दिवशी मुद्दाम कट केला. मीटिंग नव्हती. मला तुमच्याशी बोलायचंच नव्हतं."

तुमाला सांगतो, मी दोन हजार गाड्यांचे शॉक खाल्लेत, पन असा न्हाई. तवा माझ्या ध्यानात आलं, मी कुठं बसलोय, कुनाच्या सीटवर, आन् हातात कुनाचा फोन हाय. गप बसलो असतो तर त्या पोरीला बरं वाटलं असतं का, हे मला आजबी कळत न्हाई. पन खोटं बोलाय जीभ रेटंना. मी म्हनलं, बेटा, मी बाबाजान, गाडीचा इलेक्ट्रिकवाला, साहेब न्हाईत.

ती रडली न्हाई. म्हनली, "माहितीये. कुणी उचलणार नाही, म्हणूनच तर रोज करते."

मग तिनं सांगितलं. सहा दहाला साहेबांनी गाडीतनं तिला फोन लावल्ता. आधी कसलंतरी भांडन झाल्तं, तिनं कापला. तो शेवटचा. तवापासनं रोज त्याच टायमाला ती लावते, पुरा वाजू देते, ठिवून देते. आन् म्हनली, आईला सांगू नका. मी हूं म्हनलं. हूं म्हंजे हो न्हाई आन् न्हाईबी न्हाई.

दुसऱ्या दिशी चारला मॅडम आल्या. मी सांगितलं, आवाज कप्प्यातल्या मोबाइलचा हुता, फोन वाजायच्या टायमाला त्याची लहर रेडिओत शिरते. त्या म्हनल्या, गाडी घरी आली तवा मीच त्याचा आवाज बंद करून रुमालात गुंडाळून ठिवला, तवापासनं तो तिथंच हाय, नंबर दुसऱ्या कुनाला जाऊ नये म्हनून मी फकस्त रिचार्ज मारते, बघायचा धीर झाला न्हाई. मग एकदम इचारलं, "पण त्याच्यावर फोन कुणाचा येतो?"

मी लिंबाकडं बघितलं. गोरक्षनाथानंबी लिंबाकडं बघितलं. लिंबाला काय म्हाईत?

त्यांनी मोबाइल हातात घेतला. दोनशेच्या वर कॉल, सगळे न उचललेले, एकच नाव. आन् सगळ्यात वर एक उचललेला, कालचा. माझ्याकडं बघितलं, इचारलं, काय म्हणाली? मी म्हनलं, मॅडम, ते तिलाच इचारा, सहा दहाला येईल.

चार ते सहा दहा, ती बाई त्या गाडीत बसून हुती. तीनदा च्या पाठिवला, तिन्ही गार झाला. गोरक्षनाथानं एका ट्रकचं चाक खोललं ते तसंच ठिवलं, ट्रकवालाबी शेजारी हुभा. भोंगा झाला. शिफ्ट सुटली. रेडिओ चालू. टिगडिक टिगडिक टिगडिक...

त्यांनी उचलला. म्हनल्या, "रुचा, मी आई बोलतेय." मग लई वेळ ऐकलं. मग म्हनल्या, "अगं, तुझ्या आधी मला केला होता त्यांनी. सहा वाजून आठ मिनिटांनी. मी पेपर तपासत होते. म्हटलं, करेन नंतर."

आन् काच वर केली. मी सगळ्यांना म्हनलं, चला रे, आपापली कामं करा. माझं स्वतःचं काम मला अर्धा तास आठवंना.

काच खाली आली तवा डोळे लाल, पन हात स्टेअरिंगवर घट्ट. मी म्हनलं, मॅडम, त्या फोनला पत्र्याच्या डबीत घालून देतो, आवाज पार बंद. त्या म्हनल्या, राहू द्या बाबा, फोन येतोय ते कळतं तरी. आता शनिवारी पोरगी पुन्याहून येते, गाडी ती चालवते. आन् मी, चाळीस वर्सं आवाज काढनारा, तो आवाज तसाच ठिवून गाडी दिली. कामाचं नाव काय लिहू पावतीवर? 'आवाज सापडला', येवढंच लिहिलं.

आता हे इथंच थांबायला पायजे हुतं का न्हाई? पन गोरक्षनाथाच्या तोंडाला झाकन हाय का? त्यानं सगळ्या एमआयडीसीत बोभाटा करून टाकला, बाबाच्या हाताला गुन हाय, मेलेल्या मानसाशी बोलून देतो. सेल्फ, हॉर्न, वायपर, कुनी काई आनंना झालंय. परवा जामखेडकडनं एक बिभीषण नावाचा मानूस ट्रॅक्टर घिऊन आला. म्हनला, बाबा, ह्याच्यात आमच्या अण्णांचा आवाज येतो. म्हनलं, दाव रेडिओ. तर रेडिओच न्हाई. एरियल न्हाई, मोबाइल न्हाई, कप्पा न्हाई, नुसता ट्रॅक्टर. मी त्याच्याकडं बघितलं. तो तसाच हुभा, मान खाली घालून, डोळ्यात पानी.

काय करनार? म्हनलं, लाव सावलीत. किती वाजता येतो आवाज?